टप्प्याचा सोहळा: क्रूझ की सर्वसमावेशक सहल? निर्णय-सारणीचा एक घरगुती वापर



निर्णय-सारणी ही पद्धत तुम्ही बहुधा यंत्र निवडणे, कारखान्याची जागा ठरवणे किंवा पुरवठादार नेमणे अशा उदाहरणांतून शिकला असाल. ती उदाहरणे योग्यच आहेत, पण त्यांत एक उणीव असते. चुकीचे लेथ मशीन निवडले तर पुढच्या वर्षी ते बदलता येते, आणि निवडीत कोणाच्या भावना गुंतलेल्या नसतात. या पाठात आपण मुद्दाम वेगळे उदाहरण घेणार आहोत. घरातल्या एखाद्या मोठ्या टप्प्याचा सोहळा सहलीला जाऊन साजरा करायचा आहे आणि दोन पर्याय समोर आहेत: समुद्रावरची क्रूझ किंवा सर्व खर्च एकाच किमतीत धरलेली सहल. यांतला कोणता निवडावा?

पाठ संपल्यावर तुम्हाला पुढील चार गोष्टी करता आल्या पाहिजेत.
१. जाहिरातीतल्या किमतीवरून खरा एकूण खर्च काढणे.
२. अटी आणि निकष यांतला फरक ओळखणे.
३. भारांक देऊन दोन पर्यायांची तुलना करणे.
४. निकाल किती पक्का आहे हे तपासणे.

१. टप्प्याचा सोहळा वेगळा का?

दरवर्षीचा वाढदिवस आणि टप्प्याचा सोहळा यांत गणिताच्या दृष्टीनेही फरक आहे. लग्नाची पंचवीस किंवा पन्नास वर्षे, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन हे प्रसंग एकदाच येतात. सहस्रचंद्रदर्शनाचाच हिशेब करून पाहा. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. एक हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस लागतात, म्हणजे सुमारे ८०.८५ वर्षे. म्हणूनच हा सोहळा वयाच्या एक्क्याऐंशीच्या आसपास होतो. या वयाच्या व्यक्तीला घेऊन केलेला प्रवास 'या वेळी नाही जमला, पुढच्या वर्षी करू' म्हणून सोडून देता येत नाही.

अशा सोहळ्याची तीन वैशिष्ट्ये लक्षात ठेवा. पहिले, पुनरावृत्ती नाही. दुसरे, तारीख किंवा तिथी बहुतेक ठरलेली असते. तिसरे, गट एकजिनसी नसतो. सहा वर्षांचे मूल, गुडघे दुखणारी आजी आणि सुट्टी मिळवताना नाकी नऊ आलेले काका एकाच गटात असतात. हे तीन मुद्दे पुढच्या प्रत्येक पायरीवर उपयोगी पडतील.

२. दोन पर्याय नेमके काय आहेत?

*क्रूझ.* पूर्वी प्रवासी जहाज हे इच्छित स्थळी पोहोचण्याचे साधन होते. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर प्रवासी कमी होत आणि जहाजे रिकामी पडत. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी १८९१ मध्ये 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज हिवाळ्यात भूमध्य समुद्रात केवळ सहलीसाठी पाठवले. पुढे त्याच कंपनीने फक्त सहलीसाठी बांधलेले 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईसे' हे जहाज १९०१ मध्ये पहिल्या सफरीवर निघाले. रिकामी क्षमता वापरात आणण्याच्या या विचारातून क्रूझ व्यवसाय उभा राहिला. जहाज हेच हॉटेल आणि तेच वाहन, अशी ही रचना आहे.

भारतात सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून सफरी करू लागले. ते १९९० मध्ये सेवेत आलेले, सुमारे २१० मीटर लांबीचे जहाज आहे. मुंबई, गोवा, लक्षद्वीप, कोची अशा त्याच्या सफरी असतात. लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची 'समुद्रम्' ही योजनाही आहे. तीत कोचीहून निघणाऱ्या 'एम. व्ही. कवरत्ती' या जहाजाने कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे पाहता येतात. हे जहाज मुळात प्रवासी वाहतुकीचे आहे. तिथे कॅसिनो किंवा नाट्यगृहाची अपेक्षा ठेवू नका.

*सर्वसमावेशक सहल.* इथे मुक्कामाची जागा स्थिर असते आणि खोली, जेवण, पेये, खेळ हे सारे एकाच किमतीत येते. ही कल्पना लोकप्रिय करण्याचे श्रेय क्लब मेडला दिले जाते. बेल्जियमचे जेरार ब्लिट्झ यांनी १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे तंबूंचे पहिले 'सुट्टीचे गाव' उभारले. पुढे या गावांत पाहुणे गळ्यात मण्यांची माळ घालत आणि मद्याचे पैसे म्हणून त्यातले मणी काढून देत. म्हणजे 'सर्व' समाविष्ट असण्याच्या त्या काळातही काही गोष्टींचे पैसे वेगळे होतेच. हा धागा आपण पुढच्या भागात उचलणार आहोत. आपल्याकडच्या प्रवाशांना या प्रकारची ओळख मुख्यतः मालदीवमुळे झाली. तिथले पहिले रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झाले.

एक सावधगिरी बाळगा. आपल्याकडच्या सहल कंपन्या 'सर्वसमावेशक' हा शब्द विमान, हॉटेल, बस, जेवण आणि स्थलदर्शन मिळून केलेल्या गटसहलीसाठीही वापरतात. तिथे रोज सकाळी सातला बॅगा बाहेर काढाव्या लागतात. रिसॉर्टमध्ये एकदा बॅग उघडली की शेवटच्या दिवशीच बंद होते. शब्द एकच असला तरी ज्येष्ठांच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. या पाठात 'सर्वसमावेशक' म्हणजे एकाच ठिकाणचा रिसॉर्ट-मुक्काम असे धरले आहे.

३. 'सर्व' म्हणजे किती?

जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेली रक्कम ही सुरुवात असते. एकूण खर्च असा मांडा:

एकूण खर्च = जाहीर भाडे + सक्तीचे आकार + ऐच्छिक खर्च + घरापासून तिथपर्यंतचा प्रवास + विमा

*क्रूझमध्ये* जाहीर भाडे सहसा 'दोघांत एक खोली' या हिशेबाने माणशी दिलेले असते. बंदर-आकार, सेवा-आकार आणि कर अनेकदा वेगळे दाखवतात. मुख्य भोजनगृहातले जेवण व करमणुकीचे कार्यक्रम भाड्यात येतात. मद्य, खास उपाहारगृहे, वाय-फाय, स्पा आणि बंदरावर उतरून केलेली स्थलदर्शने बहुतेक वेळा वेगळी मोजावी लागतात.

*रिसॉर्टमध्ये* जेवण, बऱ्याच ठिकाणी पेये आणि काही खेळ येतात. विमानतळापासूनची ने-आण, मोटारबोटीवरचे खेळ आणि बाहेरच्या सहली अनेकदा येत नाहीत. मालदीवमध्ये ही ने-आण स्पीडबोटीने किंवा सीप्लेनने होते. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. तुमचे विमान मालेला संध्याकाळी उतरले तर तिथे एका रात्रीचा मुक्काम वाढतो, आणि तो जाहिरातीत कुठेच नसतो.

परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास विक्रेता तुमच्याकडून टीसीएस, म्हणजे उगमस्थानी वसूल केलेला आयकर, घेतो. याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतो, म्हणून नोंदणीच्या वेळी चालू दर पाहा. टीसीएस हा खर्च नाही. आयकर विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत तेवढे पैसे हातातून जातात, त्यामुळे रोख रकमेच्या नियोजनात तो धरावाच लागतो.

आता एक उदाहरण सोडवू. पुढील सर्व रकमा केवळ गणितासाठी गृहीत धरल्या आहेत. इंदूरच्या एका मराठी कुटुंबात आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत आहेत. जाणारी माणसे आठ, खोल्या चार, मुक्काम तीन रात्रींचा. पर्याय 'क': मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ. पर्याय 'स': गोव्यातले सर्वसमावेशक रिसॉर्ट.

पर्याय क (क्रूझ)
- जाहीर भाडे: ८ × २४,००० = १,९२,००० रुपये
- बंदर व सेवा-आकार: ८ × ४,००० = ३२,००० रुपये
- वरील दोन्हींवर कर, ५ टक्के गृहीत: ११,२०० रुपये
- जहाजावरचा ऐच्छिक खर्च: ८ × २,५०० = २०,००० रुपये
- गोव्यात उतरून फेरफटका: ८ × १,५०० = १२,००० रुपये
- इंदूर-मुंबई रेल्वे, मुंबईत एक रात्र: ८ × ४,५०० = ३६,००० रुपये
- विमा: ८ × ५०० = ४,००० रुपये
- एकूण: ३,०७,२०० रुपये, म्हणजे माणशी ३८,४०० रुपये

पर्याय स (रिसॉर्ट)
- जाहीर भाडे, करांसह: ८ × २७,००० = २,१६,००० रुपये
- इंदूर-गोवा प्रवास: ८ × ८,५०० = ६८,००० रुपये
- विमानतळावरून ने-आण: ८ × ७५० = ६,००० रुपये
- बाहेरचा फेरफटका: ८ × १,००० = ८,००० रुपये
- ऐच्छिक खर्च: ८ × १,००० = ८,००० रुपये
- विमा: ८ × ५०० = ४,००० रुपये
- एकूण: ३,१०,००० रुपये, म्हणजे माणशी ३८,७५० रुपये

जाहिरातीनुसार क्रूझ माणशी ३,००० रुपयांनी, म्हणजे आठ जणांमागे २४,००० रुपयांनी स्वस्त दिसत होती. प्रत्यक्षात फरक उरला फक्त २,८०० रुपये, तोही साऱ्या कुटुंबाचा मिळून. म्हणजे या उदाहरणात किंमत हा निर्णयाचा आधार राहिलाच नाही. हेच कुटुंब मुंबईचे असते तर प्रवासाचा आकडा बदलून चित्र वेगळे झाले असते. म्हणून दुसऱ्याच्या शहराचा हिशेब आपल्याला लावू नये.

गटात एखादी व्यक्ती एकटी असेल, उदाहरणार्थ विधवा आत्या किंवा मामेआजोबा, तर 'दोघांत एक खोली' या अटीकडे नीट पाहा. एकट्याने खोली घेतल्यास जवळजवळ दोघांचे भाडे द्यावे लागू शकते. उलट, त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला अनेकदा सवलत असते. खोल्यांची वाटणी आधी करा, मग भाडे विचारा.

४. आधी अटी, मग निकष

विद्यार्थी नेहमी एक गोंधळ करतात: अट आणि निकष एकाच तक्त्यात भरतात. अट म्हणजे जी पूर्ण झाली नाही तर पर्याय बाद. निकष म्हणजे ज्यात कमी-जास्त गुण देता येतात. गर्भवती सुनेला जहाजावर प्रवेशच नसेल, तर 'प्रवेश: १० पैकी २ गुण' असे लिहिणे निरर्थक आहे.

टप्प्याच्या सोहळ्यासाठी पुढील अटी तपासा.

*ऋतू.* पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. या काळात मुंबईच्या सफरी थांबतात. एम्प्रेस जहाज अशा वेळी चेन्नईहून श्रीलंकेकडे सफरी करत आले आहे. आपल्याकडे पुष्कळ लग्ने वैशाख-ज्येष्ठात झालेली असतात. लग्नाचा वाढदिवस जूनमध्ये येत असेल तर त्या दिवशी मुंबईहून क्रूझ मिळेलच असे धरू नका. रिसॉर्ट पावसाळ्यातही उघडे असते आणि बरेचदा स्वस्त असते, मात्र समुद्रातले खेळ बंद असतात.

*तारीख.* क्रूझ तिच्या वेळापत्रकाने निघते. घरात तिथी पाळत असतील तर ती सफरीच्या दिवसांत बसते का ते पंचांगात पाहा. बसत नसेल तर 'तिथीला घरी पूजा, नंतर सहल' हे मोठ्यांना चालेल का, हे विचारा.

*आरोग्य.* बहुतेक क्रूझ कंपन्या गर्भारपणाच्या २४ व्या आठवड्यापासून प्रवेश देत नाहीत. तान्ह्या बाळांसाठीही वयाची किमान अट असते. जहाजावर डॉक्टर असतो, पण मोठे रुग्णालय नसते. डायलिसिस किंवा अलीकडेच झालेली हृदयशस्त्रक्रिया असेल तर आधी आपल्या डॉक्टरांची लेखी संमती घ्या. दूरच्या बेटावरच्या रिसॉर्टलाही हीच मर्यादा लागू होते.

*चढ-उतार.* लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते समुद्रात उभे राहते आणि प्रवासी छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जातात. हलत्या बोटीत पाऊल टाकणे ज्यांना जमणार नाही, त्यांना बेट फक्त डेकवरून दिसेल. मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागते, त्यामुळे तिथे ही अडचण तेवढी नाही.

*कागदपत्रे.* देशांतर्गत सफरीला सरकारी ओळखपत्र लागते. परदेशी सफरीला पासपोर्ट लागतो, आणि जुन्या पिढीतल्या अनेकांच्या पासपोर्टवरचे नाव व आधारवरचे नाव जुळत नाही. हे काम आठवड्याभरात होत नाही. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश-परवाना लागतो.

*अर्थसंकल्प.* कमाल रक्कम आधी ठरवा. 'आधी फिरा, नंतर भरा' या योजनांचे गणितही करून पाहा. ३,००,००० रुपये वार्षिक १५ टक्के दराने बारा समान मासिक हप्त्यांत फेडायचे तर हप्ता सुमारे २७,०७७ रुपये येतो. वर्षभरात एकूण सुमारे ३,२४,९०० रुपये जातात. व्याजाचे हे जवळजवळ २५,००० रुपये म्हणजे आपण वर काढलेल्या २,८०० रुपयांच्या फरकाच्या सुमारे नऊपट आहेत. कोणती सहल घ्यावी यापेक्षा पैसे आधी साठवले की नंतर फेडले, याने खर्चात मोठा फरक पडतो.

५. थोडे भौतिकशास्त्र: खोली कुठे घ्यावी?

'बोट लागेल' या भीतीने अनेक ज्येष्ठ क्रूझला नकार देतात. भीती खोटी नाही, पण तिचे प्रमाण खोलीच्या जागेवर अवलंबून असते. लाटांमुळे जहाजाचा पुढचा भाग वर-खाली होतो. हे डोलणे साधारणपणे जहाजाच्या मध्याभोवती होते असे धरू. मध्यापासून ल अंतरावरच्या खोलीचे उभे विस्थापन = ल × ज्या(कोन).

जहाज फक्त १ अंशाने डोलले तर ज्या(१°) = ०.०१७४५. मध्यापासून ९० मीटरवर, म्हणजे टोकाजवळ, खोली असेल तर ती ९० × ०.०१७४५ = १.५७ मीटर वर किंवा खाली जाते. मध्यापासून २० मीटरवरची खोली फक्त ०.३५ मीटर हलते. आडव्या डोलण्यामुळे वरच्या मजल्यांवर बाजूचे हेलकावे जास्त जाणवतात. म्हणून आजी-आजोबांची खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. योगायोगाने या खोल्या बाल्कनीच्या वरच्या खोल्यांपेक्षा स्वस्तही असतात. आधुनिक जहाजांना बाजूचे डोलणे कमी करणारे पंखही बसवलेले असतात.

सुरक्षिततेबद्दल एक नोंद. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर संकटकालीन कवायत जहाज निघण्यापूर्वीच घेण्याचा नियम दृढ झाला. ही कवायत टाळू नका. आजोबांना जीवरक्षक जॅकेट घालता येते का, आपल्याला कोणत्या जागी जमायचे आहे, हे तेव्हाच कळते.

६. निकष आणि भारांक

दोन्ही पर्याय सर्व अटींत बसले तरच निर्णय-सारणी मांडायची. खर्च आपण अट म्हणून वापरला आहे आणि फरक नगण्य आहे. म्हणून तो सारणीत पुन्हा घेऊ नका, नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल. आपल्या कुटुंबासाठी पाच निकष आणि त्यांचे भारांक (बेरीज १००) असे धरू:

- ज्येष्ठांची सोय: ३०
- सर्वांना एकत्र मिळणारा वेळ: २५
- नावीन्य: २०
- घरच्या कार्यक्रमाला वाव: १५
- ऐनवेळी बदल करण्याची मुभा: १०

आता दहापैकी गुण देऊ आणि प्रत्येक गुणाचे कारण लिहू. कारण लिहिता आले नाही तर गुण अंदाजपंचे दिला आहे असे समजा.

*ज्येष्ठांची सोय: क ६, स ८.* जहाजात लिफ्ट असते, पण मार्गिका लांब असतात. रिसॉर्टमध्ये तळमजल्याची खोली मागता येते.

*एकत्र वेळ: क ८, स ७.* जहाजावर संध्याकाळी सगळे एकाच छताखाली असतात. काकांचा फोनही समुद्रात गेल्यावर लागत नाही, याला काही घरांत गैरसोय म्हणतात, काही घरांत वरदान.

*नावीन्य: क ९, स ५.* या कुटुंबाने गोवा दोनदा पाहिला आहे, जहाजात कोणीच बसलेले नाही.

*घरच्या कार्यक्रमाला वाव: क ६, स ८.* जहाजाच्या खोलीत आगीच्या धोक्यामुळे मेणबत्ती किंवा निरांजन लावता येत नाही. म्हणजे नेहमीसारखे औक्षण खोलीत होणार नाही. रिसॉर्टमध्ये विचारून हिरवळीवर किंवा छोट्या दालनात ते करता येते. उपासाचे किंवा जैन जेवण मात्र दोन्हीकडे आधी कळवल्यास बहुधा मिळते.

*बदलाची मुभा: क ४, स ७.* सफर सुरू झाल्यावर कोणी आजारी पडले तर पुढच्या बंदरापर्यंत थांबावे लागते. उतरलेले प्रवासी वेळेवर परतले नाहीत तर जहाज त्यांच्यासाठी थांबत नाही. खराब हवामानात बंदर वगळण्याचा अधिकारही जहाजाकडे असतो. रिसॉर्टमधून एक दिवस आधी निघता येते, पैसे परत मिळाले नाहीत तरी.

गुणाकार करून बेरीज:
क = (३०×६) + (२५×८) + (२०×९) + (१५×६) + (१०×४) = १८० + २०० + १८० + ९० + ४० = ६९०
स = (३०×८) + (२५×७) + (२०×५) + (१५×८) + (१०×७) = २४० + १७५ + १०० + १२० + ७० = ७०५

रिसॉर्ट १५ गुणांनी पुढे. इथे बरेच विद्यार्थी 'उत्तर: पर्याय स' लिहून खाली दोन रेघा मारतात. आपण तसे करायचे नाही.

७. निकाल किती पक्का?

७०५ विरुद्ध ६९० हा फरक जवळजवळ दोन टक्क्यांचा आहे. समजा 'ज्येष्ठांची सोय' या निकषातले क्ष भारांक काढून 'नावीन्य' या निकषाला दिले. मग क चे गुण (९ − ६) = ३ क्ष ने वाढतात. स चे गुण (८ − ५) = ३ क्ष ने घटतात. फरक ६ क्ष ने बदलतो. ६ क्ष = १५, म्हणून क्ष = २.५. म्हणजे शंभरातले फक्त अडीच भारांक इकडून तिकडे गेले की दोन्ही पर्याय समान होतात, आणि त्यापुढे निकाल उलटतो.

याचा अर्थ काय? गणित चुकले असा नाही. गणिताने आपल्याला नेमका प्रश्न दाखवला आहे: हे भारांक दिले कोणी?

'ज्येष्ठांची सोय' या निकषाला ३० भारांक मुला-नातवंडांनी दिले. ते काळजीपोटीच दिले. पण आजीला विचारले तर कदाचित ती म्हणेल, "गुडघे घरीही दुखतात. आयुष्यभर इंदुरात राहिले, एकदा चारही बाजूंनी पाणी बघायचंय." तिच्या मते सोय २० आणि नावीन्य ३० असेल, तर क = ७२० आणि स = ६७५. निकाल बदलला, तोही ४५ गुणांनी. याउलट आजोबांचे म्हणणे असू शकते की पन्नास वर्षांपूर्वीची वरात पाहिलेली जी चार माणसे उरली आहेत, ती सोबत हवीत. तसे असेल तर दोन्ही पर्याय बाजूला पडतात आणि घराजवळचे एखादे साधे ठिकाण ही तिसरी ओळ सारणीत येते. तिसरा पर्याय सुचणे हेही सारणीचे यशच आहे.

यावरून तीन नियम लिहून ठेवा.
१. ज्यांचा सोहळा, त्यांचे भारांक आधी. बाकीच्यांनी गुण द्यावेत, भारांक नव्हे.
२. भारांक पर्यायांची पत्रके पाहण्यापूर्वी ठरवा. पत्रकातला सूर्यास्त पाहिल्यावर दिलेला भारांक आपला राहत नाही.
३. 'अचानक आनंदाचा धक्का' देण्याचा बेत असेल तर तारीख आणि ठिकाण गुप्त ठेवा, पण प्रश्न आधीच विचारून घ्या. 'तुला समुद्र आवडतो का, की डोंगर?' हे कोणत्याही रविवारी चहाच्या वेळी विचारता येते.

८. नोंदणीपूर्वीची लेखी उत्तरे

निर्णय झाला की विक्रेत्याकडून पुढील गोष्टी लेखी घ्या. तोंडी आश्वासन हिशेबात धरू नका.
- जाहीर भाड्यात काय येते आणि काय येत नाही, याची यादी.
- किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल. निघण्याची तारीख जवळ येते तशी ही कपात वाढत जाते.
- आठांपैकी एकच माणूस गळाला तर उरलेल्यांच्या भाड्यावर काय परिणाम होईल.
- जहाजाने बंदर वगळले किंवा रिसॉर्टने दुरुस्तीसाठी काही भाग बंद ठेवला तर काय.
- विमा आधीपासून असलेल्या आजारांना लागू आहे का. ज्येष्ठांच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

क्रूझ निवडल्यास जहाजावर चढल्यावर फोन विमान-स्थितीत ठेवा. खोल समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह-जाळ्याला जोडला गेला तर रोमिंगचे बिल भरमसाट येऊ शकते.

सारांश

जाहीर किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. अटींनी पर्याय बाद करावेत आणि निकषांनी उरलेल्यांची तुलना करावी. किंमत एकदाच मोजावी. दोन पर्यायांचे गुण जवळजवळ असतील तर संवेदनशीलता तपासावी आणि कोणत्या भारांकावर निकाल फिरतो ते शोधावे. तो भारांक ज्या व्यक्तीचा असायला हवा, तिला जाऊन विचारावे. सारणी निर्णय घेत नाही, कोणाला काय विचारायचे राहिले आहे ते ती दाखवते.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात कुटुंब मुंबईचे आहे असे धरा. रेल्वे व मुक्कामाचा खर्च माणशी ५०० रुपये आणि गोव्यापर्यंतचा प्रवास माणशी ५,००० रुपये घेऊन दोन्ही एकूण खर्च काढा. फरक आता नगण्य म्हणता येईल का?

२. 'ऐनवेळी बदल करण्याची मुभा' या निकषाचे सर्व १० भारांक काढून 'एकत्र वेळ' या निकषाला द्या. कोणता पर्याय पुढे जातो? किती गुणांनी?

३. आजोबा चाकाच्या खुर्चीत आहेत आणि सफर लक्षद्वीपची आहे. ही माहिती अट म्हणून घ्याल की निकष म्हणून? कारण लिहा.

४. आपल्या घरातला येणारा एखादा टप्पा निवडा. ज्यांचा सोहळा आहे त्यांच्याशी बोलून भारांक लिहून घ्या. तुम्ही स्वतः दिले असते ते भारांक शेजारच्या रकान्यात लिहा. सर्वांत मोठा फरक कोणत्या निकषात आला आणि तो का आला, यावर दहा ओळी लिहा.